'क' जीवनसत्त्वाचे मोठे सलाईन: केमोसोबत घ्यावे की नाही?

धागाकर्ता (पंचवटी): माझ्या मावसबहिणीला स्वादुपिंडाचा कर्करोग असून केमोथेरपी चालू आहे. गंगापूर रोडवरच्या एका वेलनेस केंद्राने तिला आठवड्यातून तीनदा 'क' जीवनसत्त्वाचे मोठ्या मात्रेचे सलाईन सुचवले आहे. तिचे कर्करोगतज्ज्ञ मात्र नको म्हणतात. माझे मत सलाईनच्या बाजूने आहे. स्कॉटलंडचे शल्यचिकित्सक ईवन कॅमेरॉन आणि अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1976 मध्ये या उपचाराने रुग्ण अधिक काळ जगतात असे मांडले. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाने 1979 आणि 1985 मध्ये चाचण्या घेऊन ते फेटाळले. पण कॅमेरॉन सुरुवातीला औषध शिरेतून देत असत आणि मेयोने ते फक्त तोंडावाटे दिले, याकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. तोंडाने कितीही घेतले तरी आतडे ठरावीक प्रमाणातच शोषून घेते आणि रक्तातले जास्तीचे जीवनसत्त्व मूत्रपिंड बाहेर टाकते, त्यामुळे रक्तातली पातळी एका मर्यादेपुढे चढत नाही. शिरेतून दिल्यास ती कित्येक पटींनी वाढते. शिवाय 2024 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या चाचणीत याच कर्करोगाच्या 34 रुग्णांपैकी ज्यांना केमोसोबत दर वेळी 75 ग्रॅम दिले गेले त्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 16 महिने, तर नुसत्या केमोवाल्यांचे 8.3 महिने भरले. इतके असताना नकार कशासाठी?

निवृत्त भूलतज्ज्ञ (इंदिरानगर): 34 रुग्णांच्या आकड्यांवर मी घाईने विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारण आहे. 2017 मध्ये सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या) रुग्णांना 'क' जीवनसत्त्व, थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड एकत्र दिल्याचा एक अहवाल आला होता. त्यात उपचार मिळालेले 47 आणि आधीच्या काळातले, तो न मिळालेले 47 रुग्ण होते. रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण 40.4 टक्क्यांवरून 8.5 टक्क्यांवर आले, असे त्यात म्हटले होते. आयसीयूत आम्ही सगळेच हरखलो होतो. नीट यादृच्छिक (रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटलेल्या) चाचण्या झाल्यावर तो लाभ टिकला नाही. सेप्सिसवरच्याच 2022 च्या लोव्हिट नावाच्या चाचणीत तर नुसते 'क' जीवनसत्त्व मिळालेल्या गटात 28 दिवसांच्या आत मृत्यू किंवा अवयवांचा सततचा बिघाड 44.5 टक्के रुग्णांत दिसला, आणि प्लासिबो (औषधाऐवजी निष्क्रिय द्रव्य मिळालेल्या) गटात 38.5 टक्के. लाभ राहिला बाजूला, तोटाच पदरात पडला. कर्करोगातही मोठ्या आतड्याच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत केमोसोबत ते दिल्याने आजार वाढण्याचा काळ एकंदरीत लांबला नाही.

सातपूरकर: डॉक्टरसाहेब, आपल्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर आहे, परंतु सेप्सिसचा दाखला येथे लागू होत नाही. तेथे दर सहा तासांनी किलोमागे 50 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाकाठी 12 ग्रॅम दिले गेले. येथे एका बैठकीला 75 ग्रॅम जातात आणि इतक्या पातळीवर हे द्रव्य गाठीभोवती हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून कर्करोगपेशींना इजा करते, अशी मांडणी आहे. म्हणजे तेथे ते ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी दिले होते, तर येथे ते घडवून आणण्यासाठी. राहिली लहान चाचणीची गोष्ट, तर तिच्यातील नुसत्या केमोचे 8.3 महिने हे त्याच केमोच्या पूर्वीच्या मोठ्या चाचणीतील 8.5 महिन्यांशी जुळतात. तुलनेचा गट मुद्दाम कमजोर निवडला होता, असे म्हणता येणार नाही.

निवृत्त भूलतज्ज्ञ: हा मुद्दा रास्त आहे. मग तसाच शिस्तबद्ध अभ्यास मोठ्या संख्येवर व्हावा. केंद्राच्या आरामखुर्चीत तो होत नसतो.

परिचारिका, डायलिसिस विभाग (नाशिक रोड): वाद औषध गुणकारी आहे की नाही यावर अडकला आहे, मला त्याआधीच्या तपासण्यांची काळजी वाटते. तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असेल तर एवढ्या मात्रेने तांबड्या पेशी फुटतात, आणि पेठ-सुरगाण्याकडील आदिवासी समाजांचा विचार करता ती शक्यता झटकून टाकण्याजोगी नाही. 'क' जीवनसत्त्वाचे शरीरात ऑक्झलेट हे क्षारद्रव्य होते आणि मूत्रपिंड आधीच कमजोर असल्यास त्याचे खडे नलिकांत साचून ते निकामी होऊ शकते. मधुमेही रुग्णांचा धोका तर सहज नजरेआड होतो. सलाईननंतर काही तास काही ग्लुकोमीटर 'क' जीवनसत्त्वालाच साखर समजतात. बोटाच्या थेंबावर आकडा 300 च्या पुढे दिसतो, घरचे माणूस इन्सुलिन टोचते आणि खरी साखर मात्र कोसळते. अशा वेळी शिरेतले रक्त प्रयोगशाळेत पाठवून मगच ठरवायचे असते. आपल्या बहिणीला स्वादुपिंडाचाच आजार आहे, म्हणजे साखर बिघडलेली असण्याचा संभव मोठा. केंद्राने यांपैकी काय तपासले?

धागाकर्ता: ताई, आज सकाळी फोन करून विचारले. जी-सिक्स-पीडी "लागत नाही" असे सांगितले आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीचा अहवाल मागितलाही नाही. पैसे मात्र दहा बैठकांचे आगाऊ मागितले. तेव्हा त्या केंद्राला आम्ही नकार कळवला आहे. उपचाराविषयी माझे मत कायम आहे. सोमवारी कर्करोगतज्ज्ञांना भेटून दोन्ही तपासण्या लिहून घेणार आहे आणि या औषधाची भारतात कोठे नोंदणीकृत चाचणी चालू असल्यास बहिणीचे नाव तेथे देता येईल का, हे विचारणार आहे.

निवृत्त भूलतज्ज्ञ: जरूर विचारा. केमोची तारीख मात्र त्यासाठी पुढे ढकलू नका.