शमी संपला, की पायच अजून भरवशाचा नाही?

गंजगोलाई: १२ एप्रिल २०२५, हैदराबाद. आयपीएलमध्ये वेगवान गोलंदाज मोहम्मद शमीची पंजाबविरुद्ध ४ षटकं, ७५ धावा, बळी शून्य. तेव्हापासून जो तो 'शमी संपला' म्हणायलाय. माझ्या मते भानगड पायाची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली ती उजव्या टाचेवर, म्हणजे त्याच्या मागच्या पायावर. तिथून रेटा कमी पडला की भार पुढच्या डाव्या गुडघ्यावर. त्या डिसेंबरात क्रिकेट बोर्डानंच सांगितलं की डाव्या गुडघ्याला सूज आहे, भार वाढल्यामुळं.

बिंदुसरा: मग फेब्रुवारी २०२५ ला दुबईत बांगलादेशचे ५ गडी कोणत्या पायानं काढले? हैदराबादेत वय ३४, खेळपट्टी पाटा म्हणजे फलंदाजांच्या सोयीची, अन् यॉर्कर (थेट फलंदाजाच्या पायाशी पडणारा चेंडू) पडेना. पंजाबच्या स्टॉयनिसनं शेवटच्या षटकात चार षटकार हाणले, त्यात टाचेचा काय दोष?

गंजगोलाई: यॉर्करच तर पायावर चालतो! पुढचा पाय पडताना गुडघा ताठ राहिला तर हात उंचावरून येतो. दुखण्याची धास्ती असली की तो नकळत वाकतो, चेंडू सोडायची वेळ चुकते, यॉर्करचा फुलटॉस होतो, म्हणजे टप्पाच पडत नाही. वनडेत फलंदाजाच्या यष्ट्यांपासून ६-८ मीटरचा टप्पा धरून बसलं तरी भागतं.

पैठणगेट: शमीचं राहू द्या, आपल्याकडची पोरं काय करतात? प्लास्टर निघालं की थेट टेनिस बॉल स्पर्धा. महिनाभर शून्य चेंडू, अन् रविवारी दोन सामने. खाली मुरूम, नाहीतर चटईखाली सिमेंट. आधी जागेवरून टाका, मग तीन पावलं, मग अर्धा रनअप. एका दिवशी १८-२४ चेंडू, दुसरा दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच किंवा गुडघा आखडला तर एक पायरी मागं. आणि मोबाईल बाजूला लावून स्लो मोशनमध्ये पुढचा गुडघा बघा. पेस परत आला म्हणजे ॲक्शन परत आली, असं नसतं.

बिंदुसरा: हे पटलं. मग शमीनं शस्त्रक्रियेनंतर परतल्यावर पहिल्याच रणजी सामन्यात ४३ षटकं कशी टाकली? लगेच मुश्ताक अली टी-२० स्पर्धेचे ९ सामने. हा कुठला पायरी-पायरीनं चढवलेला भार?

गंजगोलाई: तेच तर म्हणायलोय! बाकी, ऑक्टोबर २०२५ मध्ये रणजीच्या पहिल्या दोन सामन्यांत १५ बळी. संपलेल्याचं काम नाही ते.

बिंदुसरा: लाल चेंडू, म्हणजे रणजीसारखे अनेक दिवसांचे सामने, द्या की, कोण नको म्हणतंय. आयपीएलमध्ये एकोणिसावं षटक मात्र मी देणार नाही.