पोरगा मारतो म्हणजे घरात पाहतो?

सुरंगी (वेंगुर्ला):
मी बालवाडीत शिकवते. परवाच्या पालकसभेत एका आईला सगळ्यांदेखत ऐकवलं गेलं, "पोरगा हात उगारतो म्हणजे घरात तेच बघत असणार." ती खाली मान घालून बसली. या बोलण्यामागे आधार असतो तो मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरांच्या सामाजिक अध्ययन सिद्धांताचा, म्हणजे दुसऱ्याचं पाहून माणूस वागणं शिकतो या म्हणण्याचा. १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी ७२ लहान मुलांवर प्रयोग केला. काही मुलांसमोर मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुल्याला ठोसे मारले, हातोडीने बडवलं. पुढे त्यातल्या बऱ्याच मुलांनी तेच केलं. सिद्धांत मोलाचा आहे, पण त्यावरून एखाद्या घराला दोषी ठरवता येतं का? मला नाही वाटत.

खाडीकाठ (मालवण):
ताई, सिद्धांत इतका सैल सोडू नका. माझे आजोबा पडवीत जाळं सांधायला बसत, दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून. "ये, शिक" असं ते कधी म्हणाले नाहीत. एकदा ते जेवायला उठले आणि मी सुई उचलली. दोन गाठी निसटल्या, तिसरी बसली. ना बक्षीस, ना मार. नुसतं पाहून माणूस शिकतो, हे बँडुरांनी दाखवून दिलं. घरातलं वागणं पोरं उचलतात, हे आईबापांनी ऐकायलाच हवं.

कातळ (कणकवली):
माका पटूक नाय. आमच्या वाडीत दोन भाऊ आहेत. बाप रोज पिऊन यायचा. थोरला विसाव्या वर्षी बाटलीला लागला, धाकटा वासही सहन करत नाही. दोघांनी पाहिलं एकच! जन्माचा स्वभाव म्हणून काही असतो, त्याला या सिद्धांतात फार थोडी जागा आहे. आणि तो बाहुला पाडला की उभा राहणारा, मारण्यासाठीच केल्यासारखा. त्याला बडवणं आणि शेजारच्या पोराला मारणं एक नव्हे. शिवाय मुलांना पाहिलं ते लगेच, काही मिनिटं. पुढच्या वर्षांचं काय?

खाडीकाठ:
धाकट्याचं उत्तर बँडुरांकडेच आहे. १९६५ च्या प्रयोगात, मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण "करून दाखवलंस तर खाऊ" म्हटल्यावर तीही इतरांइतकीच नक्कल करू लागली. म्हणजे शिकली सगळीच होती. लक्ष, स्मरण, अंगात ती कृती येणं आणि करावंसं वाटणं, या चार पायऱ्या त्यांनी मांडल्या आहेत. धाकट्याने बापाची झालेली दैनाही पाहिली.

कातळ:
इथेच माझं भांडण आहे. प्यायला तर बापाला पाहून, नाही प्यायला तर बापाची दैना पाहून. दोन्हीकडून बरोबर! मग दोघं लहान असताना कोण पिणार हे सांगता आलं असतं का?

सुरंगी:
कातळदादा, हेच मला म्हणायचं होतं. वागणं कसं उचललं जातं ते सिद्धांत सांगतो, हेच पोर असं का वागलं ते नाही. सभेनंतर मी त्या मुलाकडे नीट लक्ष ठेवलं. घरी मालवणी, वर्गात पुस्तकी मराठी. तो खडू मागताना "माका दी" म्हणाला की बाकीची पोरं हसायची, आणि मग तो ढकलायचा. आता मीच वर्गात सगळ्यांसमोर "माका दी" म्हणून खडू मागते. खाडीकाठदादा, तुमचा मुद्दा इथे खरा ठरला: दोन मुली आपणहून तसंच मागायला लागल्या. तीन दिवस झाले, त्याने कुणाला ढकललेलं नाही. उद्या शाळा सुटली की मी त्याच्या आईकडे जाणार आहे.