मदत हवी आहे: जेवणाचं भांडं दिसलं की आमचा चिकू कुणाचंच ऐकत नाही

चिकू आमचा लॅब्रॅडॉर. चार वर्षांचा, वजन ३६ किलो. स्वभावाने अतिशय मवाळ. माझा सहा वर्षांचा मुलगा त्याच्या अंगावर लोळतो तरी हूं की चूं करत नाही. पण जेवणाची वेळ झाली की तो ओळखू येत नाही.

सकाळी आठला कोरडं डॉगफूड, रात्री आठला चिकन, भात आणि लाल भोपळा एकत्र शिजवून देतो. संध्याकाळी सातला कुकर लावला की पहिल्या शिट्टीपासून याच्या येरझाऱ्या सुरू होतात, तिसऱ्या शिट्टीला भुंकणं. कुकर आमच्या डाळीचा असला तरी तेच. खाणं निवेपर्यंत ओट्याशी उभा राहून कण्हतो, लाळ गळत असते, आणि भांडं उचललं की थेट अंगावर उडी.

इतकी वर्षं हे चालवून घेतलं ही माझी चूक. गेल्या महिन्यात सासूबाई त्याला जेवायला देत होत्या. वय ७३. त्याच्या धक्क्याने भांडं हातातून सुटलं, सांडलेल्या भातावरून त्यांचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. अजून प्लास्टर आहे. त्यांनी चिकूला एका शब्दाने बोल लावला नाही. सासरे गेल्यापासून त्याला रात्रीचं जेवण देण्याचा नेम त्यांचा आहे, आणि प्लास्टर निघालं की पुन्हा मीच देणार, असं म्हणतात. नवरा म्हणतो, आता आईने द्यायचंच नाही. मला हे काम त्यांच्याकडून काढून घ्यायचं नाही, म्हणून हा धागा.

ओरडून पाहिलं. गॅलरीत बांधून पाहिलं, तर भुंकणं दुप्पट. 'बस' त्याला येतं, हातात बिस्किट असलं की लगेच बसतो, पण भांडं हललं की उठतोच. कुणीतरी सांगितलं म्हणून खाता खाता भांडं काढून घेतलं, तर आयुष्यात पहिल्यांदा गुरगुरला. ते लगेच बंद केलं. भांडं खाली टेकेपर्यंत हा जागेवर थांबेल, असं काय करता येईल? चार वर्षांचा कुत्रा नव्याने शिकतो का?

रानवारा:
शिकतो, नक्की शिकतो. पण आधी एक सांगा. ही भूक पहिल्यापासूनच अशी आहे की अलीकडे वाढली? अलीकडे वाढली असेल तर शिकवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. जंत, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) या सगळ्यांत कुत्रा खा-खा करतो. खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरीही. खाऊनही वजन उतरत असेल तर अजिबात थांबू नका.

पहिल्यापासून असेल तर त्याच्यावर रागावू नका, कारण भूक खरी असू शकते. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली लॅब्रॅडॉरच्या पीओएमसी नावाच्या जनुकात एक तुकडा गळालेला सापडला. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवण्याशी या जनुकाचा संबंध आहे. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये हा दोष असतो. २०२४ मध्ये त्यांनी पुढचं काम छापलं. असे कुत्रे एका बैठकीत इतरांपेक्षा जास्त खात नाहीत, पण दोन जेवणांच्या मध्ये त्यांना लवकर भूक लागते, आणि स्वस्थ पडलेले असताना त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतं. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी. बिचाऱ्याने करायचं काय? म्हणून खाणं वाढवू नका, तेवढंच तीन वेळांत वाटून द्या. बरगड्या हाताला सहज लागतात का तेही बघा, ३६ किलो मला थोडे जास्त वाटतात.

भीमाकाठ:
माझ्याकडे आधी लॅब होता, आता रस्त्यावरून आणलेली गावठी कुत्री आहे. दोघांना एकाच पद्धतीने शिकवलं.

सुरुवात जेवणाच्या वेळी करू नका. दुपारी, पोटात काही असताना, रिकामं भांडं घ्या आणि त्याला समोर बसवा. भांडं छातीपासून फक्त वीतभर खाली आणा. तो बसून राहिला तर दुसऱ्या हाताने डॉगफूडचा एक दाणा तोंडात द्या. उठला तर भांडं गुपचूप परत वर. 'नाही', 'ए', काहीही बोलायचं नाही. भांडं वर जाणं हेच त्याला उत्तर. पुन्हा बसला की पुन्हा खाली. वीतभर जमलं की गुडघ्यापर्यंत, मग जमिनीपर्यंत. तीन-चार मिनिटांत थांबा, दिवसातून दोनदा पुरे. हे दाणे सकाळच्या वाट्यातूनच काढायचे, वर नाही.

भांडं जमिनीला टेकलं की सुटकेचा एक शब्द ठरवा. पहिल्या दिवशी टेकल्या टेकल्या शब्द उच्चारा. मग एक सेकंद, दोन, पाच. वेळ एकदम वाढवली की तो चुकतो आणि आपण चिडतो. तीनदा लागोपाठ उठला तर तुम्ही घाई केली असं समजून एक पायरी मागे या.

आणि कुकरचं. शिट्टी म्हणजे जेवण हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय, पावलोव या शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या, खाण्याआधीचा आवाज ऐकूनच लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांसारखंच. त्याचं चिकन दुपारी शिजवून फ्रिजमध्ये ठेवा, रात्री कोमट करून द्या. शिट्टीनंतर काहीच मिळत नाही असे पुष्कळ दिवस गेले की ती सांगड सैल होते. मात्र सुरुवातीचे काही दिवस तो नेहमीपेक्षा जास्त भुंकेल. त्या दिवसांत एकदा जरी भुंकण्याला भुलून भांडं दिलंत, तर जास्त भुंकलं की मिळतं हे तो शिकेल.

दुर्वांकुर:
आधी घरच्यांनी जेवायचं, मग कुत्र्याला द्यायचं, म्हणजे घरात मोठं कोण ते त्याला कळतं. आमच्याकडे असंच करतात.

भीमाकाठ:
जेवणाचा क्रम हवा तो ठेवा, पण त्याने हा प्रश्न सुटत नाही. चिकूला घरावर राज्य करायचं नाहीये, त्याला भूक लागलीये आणि उडी मारली की भांडं मिळतं हे चार वर्षं खरं ठरलंय. भांडं मधेच काढून घेणं बंद केलंत ते फार बरं केलंत. घरात लहान मूल आहे, तो खाताना त्याच्या जवळ कुणीही जायचं नाही, हा नियम सगळ्यांना सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. रक्त तपासलं, आजार काही नाही, पण चार किलो कमी करायला सांगितलेत. आता तीन वेळा देतो.

भांड्याचा सराव पहिल्याच दिवशी गुडघ्यापर्यंत गेला, मला खरंच वाटत नव्हतं. मग आठवडाभर तिथेच अडकलो. कारण उशिरा कळलं. सुटकेचा शब्द मी 'घे' ठेवला होता, आणि आमच्या घरात 'घे' दिवसभर चालू असतं. भाजी घे, डबा घे, औषध घेतलंस का. चिकू बसलेला असताना सासूबाई मुलाला म्हणाल्या, "अजून एक पोळी घे," आणि हा सुटला. त्याच्या बाजूने बरोबरच होतं. आता शब्द 'भोजन' आहे. घरात एरवी हा कुणी उच्चारत नाही. तेव्हापासून गाडी पुढे सरकली. काल भांडं जमिनीवर ठेवून मी मनात वीस आकडे मोजले. तो बसून होता. लाळेचं थारोळं झालं, पण भांड्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या रडल्या.

कुकरला अजून उठून येतो, पण भुंकत नाही.

पुढच्या सोमवारी त्यांचं प्लास्टर निघतंय. त्यांना फार वाकता येत नाही, आणि मी असताना चिकू जे करतो ते त्यांच्यासमोर करेल याची मला खात्री नाही. खुर्चीत बसून भांडं दिलं तर चालेल, की सराव झाला तसं उभ्यानेच द्यायला हवं?

भीमाकाठ:
खुर्चीतच बसवा, आणि पहिले चार-पाच दिवस रिकामं भांडं. माणूस बदललं की कुत्र्याला धडा पहिल्यापासून लागतो, म्हणून पुन्हा वीतभर खाली, तिथूनच. मनगट नुकतं मोकळं झालंय, तेव्हा भांडं हलक्या प्लास्टिकचं घ्या. पट्टा तुमच्या हातात ठेवा, ओढायचा नाही, नुसता धरायचा. 'भोजन' मात्र त्यांनाच म्हणू द्या.