कापूस चोपड्याचा, भाव न्यूयॉर्कचा आणि कपडे बांगलादेशचे, हे गणित काय आहे?

चोपड्याचा_पोऱ्या:
राम राम मंडळी. खेडा खरेदीवाला रोज येतो आणि रोज तेच सांगतो, वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) तुटला, बाहेर मंदी आहे. ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ म्हणजे आयात कर लावला, त्याच महिन्यात आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्यूटी काढली, दोन्ही वेळेस आम्हाला कोणी विचारलं नाही पण वेचणीच्या तोंडावर मार आम्हालाच बसला. भाव तर मोबाईलवर दिसतो, माझा प्रश्न दुसराच आहे. बांगलादेशात कापूस जवळपास पिकतच नाही तरी कपड्याच्या निर्यातीत तो चीनच्या पाठोपाठ, आणि आपण आजोबा-पणजोबापासून पिकवतोय तरी तालुक्यात काय, तर रुई आणि सरकी वेगळी करणारं जिनिंग. देश पुढे जातो तो मेहनतीने का बाहेरच्यांच्या मर्जीने?

जिनिंगचा_मुनीम (जामनेर):
भाऊ आधी हिशोब बघ. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३४-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. रुईची खंडी ३५६ किलोची, आणि सूतगिरणीला बाहेरची गाठ स्वस्त पडली तर ती आपली कशाला घेईल, म्हणून कापसाच्या न्यूयॉर्कच्या वायद्याकडे बघावंच लागतं. मे २०२२ ला तिकडे पौंडाला १५० सेंट झाले तेव्हा इकडे खंडी लाखाच्या वर गेली, मग पुढच्या सीझनला सगळ्यांनी तोच आकडा डोक्यात धरून माल घरात कोंडला आणि भाव खाली. पण सरकीकडे कोणी बघत नाही भो. तिचं तेल पामतेलाच्या मागे चालतं, मे २०२५ च्या शेवटी कच्च्या पामतेलाची ड्यूटी २० टक्क्यांची १० केली. म्हणजे तुझ्या एका बोंडावर दोन बाजार, एक अमेरिकेतला आणि एक मलेशिया-इंडोनेशियाचा. हमीभाव आहे, २०२५-२६ ला लांब धाग्याला क्विंटलमागे ८११० रुपये होता, पण ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की तोही नाही.

धुळेकर_मास्तर:
मर्जी म्हणू नका, नियम म्हणा. १९७४ ला श्रीमंत देशांनी कपड्यावर कोटा बसवला, कोणत्या देशातून किती माल घ्यायचा ते ठरलेलं. कोरियावाले कोट्यात अडकले आणि बांगलादेशला तेव्हा कोटा नव्हता, म्हणून १९७९ ला देवू कंपनीने बांगलादेशातल्या देश गारमेंट्स कंपनीची १३० माणसं कोरियात नेऊन शिकवली, आणि त्यातली बरीच पुढे फुटून दुसऱ्या फॅक्टऱ्यांत गेली. नियम दुसऱ्याचा, पण शिकून घेतलं ते यांनी. उलटं उदाहरण इजिप्तचं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लिव्हरपूलला कापूस मिळेना, तेव्हा आपल्या खानदेशाचीही चांदी झाली आणि इजिप्तचीही. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत सट्टेवाले बुडाले. इजिप्तने त्याच भरात कर्ज काढलेलं, सुएझ कालव्याचे शेअर १८७५ ला विकले, १८७६ ला हप्ते थांबले आणि १८८२ ला इंग्रजांची फौज आत.

बोदवडकर:
मास्तर, शिकून घेतलं म्हणणं सोपं आहे हो. माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड हे चार देश २००३ पासून डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) ओरडताय की अमेरिका शेतकऱ्याला सबसिडी देते आणि भाव पाडते, त्यांच्या हाती काय लागलं? ब्राझीलने मात्र २००२ ला केस ठोकली आणि २०१४ ला ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली, कारण त्यांच्याकडे वकील होते आणि बारा वर्षं थांबायची ताकद होती. आता तोच ब्राझील कापूस निर्यातीत अमेरिकेच्या पुढे गेला. गरीबाला कोर्टपण महाग.

जळगावची_ताई:
बांगलादेशचं कौतुक जरा हात राखून करा. २०१३ ला राणा प्लाझा कोसळली, ११०० च्या वर माणसं गेली, त्यात बायाच जास्त. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या तरी कामावर बोलावलं. युरोपात त्यांना गरीब देश म्हणून ड्यूटी लागत नाही, ती सूट कामाची आहेच, पण शर्ट स्वस्त पडतो तो शिवणाऱ्या बाईच्या पगारावर. आपल्याकडे गारमेंट फॅक्टरी आली तर मला आवडेल, पगार किती ते आधी विचारेन.

चोपड्याचा_पोऱ्या:
ताई बरोबर. पण मग आपल्याकडे का नाही आलं ते कोणीच सांगितलं नाही. नवापूरला तर लूम (कापड विणायचे माग) आलेत ना?

जिनिंगचा_मुनीम (जामनेर):
आलेत, सुरतवाल्यांचे. पण सुरतचा धंदा मुळात सिंथेटिकचा, त्यांना तुझा कापूस नको. जगात आज निम्म्याच्या वर धागा पॉलिस्टरचा आहे, कापूस पावाच्याही खाली. पॉलिस्टर निघतं क्रूडमधून, म्हणजे खनिज तेलातून, क्रूड स्वस्त झालं की ते स्वस्त आणि गिरणीवाला तिकडे वळतो. म्हणजे दोन नाही, तीन बाजार झाले. रुईचा, सरकीच्या तेलाचा आणि क्रूडचा, आणि आपल्या सूतगिरण्या कशा चालल्या त्यावर वेगळी चर्चा काढ, इथे भांडणं होतील.