दुपारी तीनचा राजहंसगड आणि वर पौर्णिमेचा चंद्र: हे चालतं का?

येळ्ळूरचा_स्लॅब:
आमच्या मंडळाच्या दिनदर्शिकेत मार्चच्या पानावर माझा फोटो आहे. खाली छापलंय, ‘पौर्णिमेच्या रात्री राजहंसगड’, म्हणजे बेळगावजवळचा आमचा किल्ला. फोटो मुळात आमच्या स्लॅबवरनं दुपारी तीनला काढलेला. परवा चहा पिता पिता सहज बोलून गेलो, तेव्हापासून गावात मी ‘खोटा फोटोवाला’. मंडळातले एक काका तर म्हणाले, पुढच्या वर्षी तुझा फोटो नको.

काय केलं ते लपवत नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न प्रक्रिया केलेली) उघडून एक्स्पोजर दोन स्टॉप खाली घेतलं, एका स्टॉपला उजेड निम्मा होतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारा आकडा, 5500 वरनं 3200 वर ओढला, सगळं निळं पडलं. रंग थोडे उडवले. फोटोशॉपमध्ये ‘नाइट फ्रॉम डे’ म्हणून तयार लुकअप (सगळे रंग एकदम बदलणारा साचा) मिळतं, ते लावून बघितलं, पसंत पडलं नाही, मग कर्व्ह (उजेड-अंधार कमी-जास्त करायची रेघ) घेऊन हातानंच केलं. आकाश कापून तिथं माझ्याच जुन्या फोटोंतला चंद्र आणि चांदण्या बसवल्या. शेवटी वेगळ्या लेयरवर पिवळा ब्रश घेऊन गावातल्या घरांच्या खिडक्या उजळल्या. चार तास गेले.

चित्रकाराला कोण विचारतं का, तू रात्री जागून काढलास का म्हणून? मग मलाच का?

काळा_चहा:
चित्रकाराचं चित्र बघणाऱ्याला ते चित्र आहे हे ठाऊक असतं. तुझं पान बघणारा समजतो, हा गडी पौर्णिमेला रात्री स्लॅबवर कॅमेरा लावून बसला होता. त्या बसण्याचं कौतुक तू फुकट घेतलास. ‘राजहंसगड, एक कल्पनाचित्र’ असं छापलं असतं तर माझी एका शब्दाची तक्रार नव्हती.

मिरची_कांडप:
मला त्या लुकअप-बिकअपमधलं काही कळत नाही. पण दिनदर्शिका आमच्या स्वयंपाकघरात लावलीय आणि पहिल्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं, अहो, हे कुणाचं घर, पौर्णिमेच्या रात्री स्लॅबवर मिरच्या तशाच टाकून झोपलेत! फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात बघा, लुगडं अंथरून संकेश्वरी वाळत घातलीय, चांगली दोन-तीन पायल्या असेल. दिवस कलला की मिरची गोळा करून आत घ्यायची, नाहीतर दव पडून काळी पडते. एवढी मिरची रात्रभर उघड्यावर ठेवणारी बाई आख्ख्या बेळगाव तालुक्यात सापडायची नाही. तेव्हाच ओळखलं, हा फोटो उन्हातला.

येळ्ळूरचा_स्लॅब:
मावशी, मिरच्या आमच्याच आहेत. आईनं पण हेच सुनावलं. चार तास मी गडाकडं बघत होतो, खाली बघितलंच नाही.

आकाशवेडा:
मिरच्या राहू देत, चंद्राकडं बघ. शेजारच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीची सावली डावीकडं पडलीय आणि चंद्रही डावीकडंच टांगलास. म्हणजे सावली उजेडाकडंच धावतेय. दुसरं, एवढ्या लख्ख चंद्राशेजारी इतक्या बारीक चांदण्या दिसत नाहीत, पौर्णिमा त्यांना गिळून टाकते. तिसरं, आकार. चंद्राचा व्यास आकाशात फक्त अर्धा अंश भरतो. 50 मिमीच्या लेन्सनं तो 36 मिमी रुंद सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान उमटतो. तुझं पान 40 सेंटीमीटर रुंद असेल तर त्यावर चंद्र तुरीच्या दाण्याएवढा हवा. तू भाकरी थापलीस!

(एकट्या तुझं हे नाही. मागं एकानं गडावर ताऱ्यांची वर्तुळं काढून दाखवली होती, त्यांचा मध्य पार वर, डोक्याजवळ. तारे ध्रुवाभोवती फिरताना दिसतात आणि आपल्याकडं ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 16 अंशांवर असतो. हात लांब करून मुठीनं मोजा, दीड मूठ.)

एक गोष्ट मात्र तुला फुकटात बरोबर मिळाली. सूर्यही आकाशात अर्ध्या अंशाचाच, त्यामुळं सावल्यांची धार दोघांची सारखीच. म्हणून तर उन्हातल्या फोटोवरनं चांदणं करता येतं. ढगाळ दिवसाच्या फोटोवरनं अमावस्या होईल, पौर्णिमा नाही.

डार्करूम_काका:
मी बेळगावात एका स्टुडिओत अठरा वर्षं लाल बल्बाखाली काढली, म्हणून बोलतो. आमच्याकडं मागं पडदा होता, त्यावर तळं, कमळं आणि पूर्ण चंद्र रंगवलेला. खानापूर, नंदगड, हलकर्णीहून नवी जोडपी येऊन त्या चंद्राखाली बसायची, भर दुपारी. कुणी खोटं म्हटलं नाही.

आणि आकाश काळं करणं संगणकानं आणलेलं नाही. ॲन्सल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानं 1941 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. काढला तेव्हा सूर्य अजून मावळतीला होता, उन्हाची तिरीप स्मशानातल्या क्रुसांवर पडलेली. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिके ढग दिसतात. पुढं वर्षानुवर्षं त्यानं तीच निगेटिव्ह पुन्हा पुन्हा छापली आणि आकाश काळं करत नेलं. आज जग जे बघतं त्यात आकाश जवळजवळ काळं कुळकुळीत. त्याला आम्ही बर्निंग म्हणायचो: छपाईचा कागद उजेडानं काळा पडतो, म्हणून पुठ्ठ्याला भोक पाडायचं आणि जिथं काळं हवं तिथं जादा उजेड सोडायचा.

सिनेमावाले तर हे राजरोस करतात. आख्ख्या माळावर रात्रीचा उजेड कुठनं आणणार? दिवसाच शूट करायचं, दोनेक स्टॉप कमी, बल्बच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म उन्हात विनाफिल्टर वापरायची म्हणजे निळं पडतं, सूर्य पात्रांच्या पाठीमागं ठेवायचा आणि आकाश चौकटीत येऊ द्यायचं नाही. फ्रेंच लोक याला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात. तेव्हा पोरा, तू काही नवं पाप केलं नाहीस.

काळा_चहा:
काका, मान्य, पण ॲडम्सचा चंद्र तिथंच होता. त्यानं आकाश गडद केलं, दुसरीकडचा चंद्र आणून चिकटवला नाही. फरक तिथंच आहे. जे होतं ते कमी-जास्त करणं वेगळं, जे नव्हतं ते आणणं वेगळं. 1982 च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकनं मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले होते. थोडेसेच. त्यावरनं त्यांना वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागलं. वृत्तछायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धांत आता मूळ फाइल मागून घेतात ते काय उगाच?

निपाणी_लग्नसराई:
अहो, दिनदर्शिका आणि वृत्तछायाचित्र एकाच तागडीत कशाला तोलता? माझं रोजचं काम सांगतो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, मुलीला अल्बममध्ये ‘चांदण्यातला’ फोटो हवा. नाही म्हटलं तर ती दुसऱ्या फोटोग्राफरकडं जाते. करून देतो, पैसे घेतो, दोघं खूश.

आणि गंमत बघा. फोनचा नाइट मोड शिवजयंतीच्या मिरवणुकीतले चित्ररथ पहाटे तीनला असे काढतो की दुपार वाटावी. खरोखर रात्रीचा दिवस करतो. त्याला कुणी खोटा म्हणत नाही. आम्ही दिवसाची रात्र केली की लगेच नीतिमत्ता! गोकाकचा धबधबाही घ्या. अर्ध्या सेकंदाचं शटर लावून पावसाळ्यातलं ते लाल गढूळ, दणदणणारं पाणी तुम्ही रेशमासारखं करता. तसं पाणी कुणाच्या बापानं डोळ्यांनी बघितलंय?

काळा_चहा:
गोकाकचं मला लागलं. माझ्या हॉलमध्ये तोच फोटो आहे. पण तिथं पाणी तरी गोकाकचंच आहे ना?

जांबोटी_धुकं:
मी उलटा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी जांबोटीजवळ खऱ्या पौर्णिमेला, रात्री साडेअकराला, ट्रायपॉड लावून शेताचा फोटो काढला. आयएसओ 800, एफ 4, शटर पंधरा सेकंद उघडं. एडिटिंग शून्य. स्क्रीनवर आला तो हिरवंगार भात, निळं आकाश, झाडाखाली छान सावली. आईला दाखवला तर म्हणाली, ‘दुपारचा आहे नव्हं?’ आकाशात नीट बघितलं तर बारीक चांदण्या होत्या, म्हणून मला तरी खात्री पटली. स्पर्धेला पाठवायचं ठरवलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, थोडा काळा-निळा कर, नाहीतर रात्र कुणी मानणार नाही.

तर आता सांगा, खरा फोटो कुठला? जो खरा होता तो खोटा दिसत होता.

आकाशवेडा:
जांबोटीताई, वर मी ‘पौर्णिमा चांदण्या गिळते’ म्हटलं ते डोळ्यांपुरतं आणि चंद्राच्या जवळपासचं. कॅमेरा पंधरा सेकंद उघडा राहिला तर चंद्राकडं पाठ केलेल्या आकाशात तारे उमटतात. तेवढी दुरुस्ती.

तुमचा फोटो तसा येणारच. चांदणं म्हणजे ऊनच, चंद्रावर आपटून आलेलं. फक्त भर उन्हाच्या साधारण चार लाखाव्या हिश्शाएवढं: लक्स या उजेडाच्या मापात उन्हात लाखभर, पौर्णिमेला पाव. रंगानं ते निळं मुळीच नाही, उलट उन्हापेक्षा किंचित तांबूसच. निळं करतो आपला डोळा. उजेड कमी झाला की रंग ओळखणाऱ्या पेशी थंडावतात आणि ज्या कामाला लागतात त्यांना लाल जवळपास दिसतच नाही, निळा-हिरवा जास्त दिसतो. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी हे नोंदवलं, तेही बागेतली फुलं बघून. भर दिवसा भडक दिसणारं लाल फूल पहाटे काळपट दिसतं आणि पानं उजळ.

म्हणजे मिरची_कांडप मावशींनी धरलेला कोपरा दुहेरी चुकलाय. मिरच्या तिथं नकोत आणि असल्याच तर लाल नकोत. पौर्णिमेच्या उजेडात संकेश्वरी कोळशासारखी दिसेल. स्लॅबवाल्या, सगळा फोटो निळा करण्याआधी लाल रंगाची ब्राइटनेस तेवढी खाली ओढायची होतीस, निम्मी रात्र तिथंच झाली असती.

मिरची_कांडप:
ते खरं. लाइट गेल्यावर कोथिंबीर सापडते, टोमॅटो सापडत नाहीत.

पुण्यात_पण_येळ्ळूरचा:
हा वाद मी गप्प वाचत होतो. फोटो चुलतभावानं पाठवला, मोठा करून बघितला. टाकीच्या घराला लागून कौलारू घर आहे, दोन खिडक्यांचं, तू दोन्ही खिडक्या पिवळ्या केल्यास. ते आमचं घर. आजी गेल्यापासून नऊ वर्षं कुलूप आहे, मीटरसुद्धा काढून नेलाय. आईला दाखवला. तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, कोण राहूलंय आपल्या घरात?

राग नाही आला, खोटं सांगत नाही. पण काय वाटलं ते नीट सांगताही येईना. ती दिवसभर विचारत होती, भाड्यानं दिलंय का कुणी, काकाला फोन लाव. शेवटी सांगितलं, रंग लावलाय गं त्या पोरानं. तर म्हणाली, असू दे.

येळ्ळूरचा_स्लॅब:
दादा, शप्पथ, माझ्या डोक्यात पण नव्हतं. दिसल्या त्या सगळ्या खिडक्यांवर ब्रश फिरवत गेलो. कुलूप दिसतंय आमच्या स्लॅबवरनं, रोज दिसतंय, तरी. आईंना माझा नमस्कार सांगा.

डार्करूम_काका, तुमच्या पडद्यावरच्या चंद्राखाली बसणाऱ्याला पडदा दिसत होता. इथं यांच्या आईंना पडदा दिसलाच नाही. हे मला काल सुचलं नव्हतं.

निपाणी_लग्नसराई:
आता लगेच रडकुंडीला येऊ नकोस भावा. खिडकीतला दिवा ही चूक असेल, तंत्र चुकीचं नाही. मी उद्याही दुपारच्या लग्नाला चांदणं लावणार आहे, तीन हजार ॲडव्हान्स घेतलाय.

डार्करूम_काका:
पडद्याचं बरोबर बोललास. मला उत्तर सुचेना झालंय, सुचलं तर लिहीन.

काळा_चहा:
मंडळाकडं दिनदर्शिकेच्या किती प्रती शिल्लक आहेत? मथळ्याखाली बारीक पट्टी चिकटवता येईल, ‘दिवसाच्या फोटोवरून केलेले चित्र’. उद्यमबागेत माझ्या ओळखीचा स्टिकरवाला आहे, शंभर-दीडशे रुपयांत कापून देईल. वाटून झालेल्यांचं काही करता येणार नाही.

येळ्ळूरचा_स्लॅब:
साठेक असतील. स्टिकर करू या, पैसे मी देतो. आणि या पौर्णिमेला त्याच स्लॅबवरनं खराखुरा काढतो. मिरच्या आत, टाकी चौकटीबाहेर, खिडक्या जशा असतील तशा. जांबोटीताई, पंधरा सेकंदाला माझा ट्रायपॉड हलतो, एक पाय ढिला आहे. कुणाकडं जादा आहे का, दोन रात्रींपुरता?

आकाशवेडा:
माझा घेऊन जा, शहापुरात आहे. मी पण येतो बरोबर. चंद्र मोठा हवा असेल तर उगवताना 200 मिमीची लेन्स लाव आणि गडापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, म्हणजे स्लॅब सोडावाच लागेल.

मिरची_कांडप:
आणि पोरांनो, रात्री गार असतं, टोप्या घाला.