व्हॉक्सेलचा आकार म्हणजे अचूकता नव्हे

औद्योगिक सीटी स्कॅनमध्ये (क्ष-किरणांनी वस्तूची त्रिमितीय प्रतिमा घेण्याच्या पद्धतीत) व्हॉक्सेल, म्हणजे त्या प्रतिमेचा सर्वांत लहान घन, ५० मायक्रॉनचा असेल तर अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगमधील आतल्या बोअरचे (गोल छिद्राचे) माप त्याहून बारीक मिळणारच नाही, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. क्ष-किरण टिपणाऱ्या डिटेक्टरचा पिक्सेल २०० मायक्रॉनचा आणि भौमितिक वर्धन (डिटेक्टरवर वस्तूची छाया किती पट मोठी पडते ते) चौपट असेल, तर व्हॉक्सेल ५० मायक्रॉनचा येतो हे खरे. परंतु पृष्ठभागाची जागा शेजारच्या व्हॉक्सेलमधील करड्या छटांच्या उतारावरून ठरवली जात असल्यामुळे ती व्हॉक्सेलच्या काही अंशापर्यंत निश्चित करता येते. खरी काळजी उंबरठा-मूल्याची, म्हणजे ज्या छटेला धातू संपून हवा सुरू झाली असे धरले जाते तिची, घ्यावी लागते. ते हवेच्या बाजूला थोडे जरी सरकले, तरी भिंत जाड, बाहेरचा व्यास मोठा आणि बोअर लहान दिसतो, मात्र दोन बोअरच्या केंद्रांमधील अंतर जवळजवळ तेच राहते. म्हणूनच माणकाच्या (आधीच नेमके अंतर माहीत असलेल्या) गोळ्यांचे केंद्रांतर जुळले एवढ्यावर, माझ्या मते, कोणीही थांबू नये, कारण त्यातून फक्त स्केल (लांबीचे प्रमाण) तपासला जातो. जाड भागांत क्ष-किरणांतील कमी ऊर्जेचा अंश आधी शोषला जाऊन छटा बदलतात. त्यासाठी तांब्याचे फिल्टर लावावे आणि त्याच धातूचा, सीएमएमवर (समन्वय-मापन यंत्रावर) मोजलेला बोअर असलेला नमुना त्याच मांडणीत स्कॅन करून पाहावा.