इस्तंबूलला जहाजं पाहायची तर कुठं बसायचं?

संत्रावाला:
येत्या दिवाळीनंतर बायको अन् मी इस्तंबूलला जाऊन राहिलो, चार दिवस. मला लहानपणापासून जहाजांचं वेड, आता नागपूरच्या माणसाला हे कुठून लागलं ते विचारू नका, आपल्याकडं पाणी म्हणजे फुटाळा नाहीतर अंबाझरी. टूरवाला शिडाच्या नावेतल्या दोन तासांचे भरमसाठ पैसे सांगून राहिला अन् बायकोला तर पेडल बोटीतही मळमळतं. पैसे घालू का काठावरूनच दिसतात?

तर्रीपोहा:
नको घालू भाऊ. एमिनोन्यूच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाच्या कादिकोयची फेरीबोट पकड, आपली सिटी बस असते तशीच ती, इस्तंबूलकार्ड टेकवायचं अन् चढायचं, वीसेक मिनिटं. आत नको, बाहेरच्या बाकावर बस. चहावाला ट्रे घेऊन फिरतो अन् सीगल बोटीच्या बरोबरीनं उडत येतात, सिमिटचा, म्हणजे तिथल्या तीळ लावलेल्या गोल पावाचा, तुकडा वर धरला की उचलून नेतात, माझं तर बोटच नेत होता एक.
मोठी जहाजं पाहायला मात्र रुमेली हिसारी या जुन्या किल्ल्याजवळच्या काठावर जा. तिथं बॉस्फोरसची सामुद्रधुनी जेमतेम 700 मीटर रुंद. मी शेंगा खात बसलो होतो, वाटलं पलीकडची बिल्डिंग सरकून राहिली, डोळे चोळले, तर तो टँकर! इंजिनाचा आवाज छातीत वाजतो इतक्या जवळून गेला.

अंबाझरीचा_खलाशी:
नेव्हल एनसीसीवाला आहे म्हणून सांगतो, नुसतं पाहू नको, जहाज वाचायचं असते. मागच्या बाजूला नाव अन् त्याखाली बंदर लिहिलेलं असते, मोनरोव्हिया, पनामा, माजुरो. म्हणजे ते तिथून आलं असं नाही, नोंदणी फक्त तिथली, आपली एमएच 31 ची गाडी पुण्यात फिरते ना तसं. पुढं पाण्याच्या पातळीला बऱ्याच जहाजांना फुगीर नाक असते, ते बाहेर दिसलं तर बहुतेक रिकामं, भरलेलं असलं की नाक बुडते. 1936 च्या माँत्रो करारानं व्यापारी जहाजांना इथून मोकळी वाट आहे, त्यामुळं झेंडे किती प्रकारचे दिसतील मोजत बस.
अन् वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडं वाहते, त्यात ही वळणं, म्हणून प्रवाहाबरोबर येणाऱ्या जहाजाला वळवणं जास्त अवघड. अशा जागी शिडाची नाव हौशी माणसानं काढूच नये, शीड आहे म्हणून टँकर काही बाजूला होत नाही, अरुंद वाटेत नियमही त्याच्याच बाजूनं. लोदोस म्हणजे नैऋत्येचा वारा, तो सुटला तर फेऱ्या रद्द होतात. त्या दिवशी वहिनींना बाजार फिरव.

झिरोमाईल:
विषय सोडून सांगते, मुलीकडं इंग्लंडला गेले तेव्हा हार्टलपूलला एचएमएस त्रिंकोमाली हे ब्रिटिश नौदलाचं जुनं शिडाचं जहाज पाहिलं. जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यानं 1817 मध्ये मुंबईत बांधलेलं, अख्खं सागवानाचं, अजून पाण्यावर तरंगतंय. डेकवर हात फिरवला तर आजोळच्या वाड्याची आठवण आली.

संत्रावाला:
फेरीबोटच ठरलं मग. शेजारी बसून हिनं सगळं वाचलं, म्हणते सिमिट तुम्हीच धरा. दुर्बीण बर्डीवर कुठं चांगली मिळते?

तर्रीपोहा:
माझीच ने लेका, सांभाळून आण फक्त.